बी.एड. नाही, तरी न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचंय

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी इलेक्ट्रॉनिक्सची बी.ई., पुण्यात नऊ वर्षं आयटीत काम केलं. गेली सहा वर्षं एडिसनला आहे, एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा); आता ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात आलंय. कंपनीत परत जायची इच्छा नाही. रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, त्यात मन रमतं. इथल्या पब्लिक स्कूलमध्ये गणित शिकवायचं तर पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेजात जावं लागेल का? की भारतातून दूरस्थ बी.एड. करून ठेवू? आणि माझ्या उच्चारांना मुलं हसतील का?"

तिन्ही उत्तरं आधीच देऊन टाकते. नाही. नको. हसतील, आठवडाभर.

मी स्वतः याच दाराने आत आले. बी.एस्सी., एम.एस्सी. भौतिकशास्त्र, बी.एड. नाही. २००७ पासून मध्य जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये फिजिक्स आणि अल्जिब्रा शिकवते आणि गेली काही वर्षं या वाटेने नव्याने येणाऱ्यांची मेंटॉर असते. त्यामुळे हे सगळं न्यू जर्सीपुरतं समजा. अमेरिकेत शिक्षकाचा परवाना राज्य देतं, आणि राज्य बदललं की नियम बदलतात.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. इथलं पब्लिक स्कूल म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं भावंड. 'पब्लिक स्कूल' अशी पाटी लावून भरमसाट फी घेणाऱ्या आपल्याकडच्या शाळांशी त्याचं काही नातं नाही. खासगी शाळेत शिकवायला राज्याचा परवाना सक्तीचा नाही, सरकारी शाळेत आहे, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या चार्टर शाळेतही आहे.

नेहमीचा रस्ता असा: कॉलेजात शिक्षणशास्त्र शिकायचं, कुणाच्या तरी वर्गात सराव पाठ घ्यायचे, मग परवाना, मग नोकरी. दुसरा रस्ता न्यू जर्सीने १९८५ मध्ये सुरू केला. त्याला 'अल्टरनेट रूट' म्हणतात आणि असा मार्ग राज्यभर चालू करणारं हे पहिलं राज्य. थॉमस कीन गव्हर्नर होते, सॉल कूपरमन शिक्षण आयुक्त. त्याआधी पात्र शिक्षक मिळाला नाही की 'इमर्जन्सी सर्टिफिकेट'वर अपुऱ्या पात्रतेच्या माणसाला वर्गावर पाठवलं जायचं आणि तो तिथे आपल्या हिमतीवर तरायचा किंवा बुडायचा. त्याऐवजी विषय नीट येणारा माणूस घ्या, त्याला पूर्ण पगारावर वर्ग द्या, सोबत मेंटॉर द्या, आणि शिकवण्याचं शास्त्र त्याला नोकरी करता करता शिकवा, अशी ती कल्पना. चाळीस वर्षं झाली, सांगाडा तोच आहे.

सांगाडा म्हणजे तीन कागद. पहिला 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी', सगळे त्याला सीई म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही नोकरी शोधायला पात्र आहात. तो कायमचा असतो, मुदत संपत नाही. नोकरी मिळाली की शाळेचा जिल्हा (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) तुमच्या नावाने राज्याकडून दुसरा कागद काढतो: प्रोव्हिजनल, दोन वर्षांचा. त्या दोन वर्षांत शिकवायचं, मेंटॉरबरोबर काम करायचं, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा करायचा आणि वर्षाअखेरच्या मूल्यांकनात दोनदा 'इफेक्टिव्ह' किंवा त्यावरचा शेरा मिळवायचा. मग तिसरा, स्टँडर्ड सर्टिफिकेट. तो कायमचा. आपल्याकडच्या शिक्षणसेवकाची आठवण येईल, पण मोठा फरक आहे: प्रोव्हिजनलवरच्या शिक्षकाला मानधन नाही, त्या जिल्ह्याच्या पगारपत्रकातला पूर्ण पगार मिळतो.

म्हणून दूरस्थ बी.एड. नको. या मार्गाला ती लागतच नाही, आणि प्रत्यक्ष सराव पाठांशिवायची बी.एड. इथल्या नेहमीच्या मार्गालाही फारशी कामाची नाही. ज्यांनी भारतात नियमित बी.एड. केलंय, वर्षभर पाठ काढलेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आपल्या पदवीचं मूल्यमापन करून घेताना सराव पाठांचे तास त्यात स्वतंत्र दिसतील हे पाहावं आणि मग अर्ज कुठला करायचा ते ठरवावं.

आता तुमची खरी अडचण. ती बी.एड.ची नाही, क्रेडिटची आहे. क्रेडिट म्हणजे कॉलेजातला कोर्स किती तासांचा होता त्यावरून त्याला मिळणारे अंक.

'टीचर ऑफ मॅथेमॅटिक्स' या सीईसाठी एक तर गणितात पदवी हवी, नाही तर गणिताची ३० क्रेडिट हवीत, त्यातली किमान १२ वरच्या पातळीची, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची. इंजिनियर इथे अडखळतात. चार वर्षं गणितातच बुडालो होतो असं आपल्याला वाटतं, पण कागदावर गणित नावाचे पेपर मोजा. एम-वन, एम-टू, एम-थ्री, फार तर एखादा न्यूमेरिकल मेथड्स किंवा प्रोबॅबिलिटी. सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये कितीही फूरिये भरलेला असला तरी राज्याच्या माणसाला तो इंजिनियरिंगचा कोर्स दिसतो. त्याचा सिलॅबस जोडून विनंती करता येते, कधी कधी ऐकतातही, पण त्यावर बेत रचू नका. उरलेली क्रेडिट भरून काढावी लागतात. कम्युनिटी कॉलेज स्वस्त पडतं, फक्त तिथले कोर्स पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे धरले जातात. लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स तिथे उरकाल, पण त्या १२ वरच्या क्रेडिटसाठी चार वर्षांच्या कॉलेजचे कोर्स शोधावे लागतील. मान्यताप्राप्त कॉलेजचे ऑनलाइन कोर्सही चालतात.

तुमच्यासारख्यांना मी आणखी एक दार दाखवते, जे पटकन कुणी सांगत नाही. पाचवी ते आठवीच्या गणितासाठी वेगळी मान्यता आहे, तिला विषयाची १५ क्रेडिट पुरतात. तिच्यासोबत किशोरवयाच्या मानसशास्त्राचा अभ्यास झालेला असावा लागतो, मिडल स्कूलच्या गणिताची परीक्षा असते आणि मूळ प्राथमिकची, म्हणजे सहावीपर्यंतची पात्रताही लागते. त्या प्राथमिकच्या पात्रतेला कला आणि विज्ञान विषयांची ६० क्रेडिट हवीत, बी.ई.च्या गुणपत्रिकेत ती भरतात की नाही ते मोजून बघा. भरली तर हा रस्ता तुम्हाला जवळचा. शिवाय तुम्हाला मुलांत रमायला आवडतं असं लिहिलंय. बारा-तेरा वर्षांचं मूल अजून मूल असतं. सोळाव्या वर्षी ते तुमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतं.

फिजिक्सचा विचार करायचा असेल तर तोही करा. फिजिक्सच्या शिक्षकांची टंचाई इथे जुनी आहे. इतकी की शिक्षकांनाच नव्याने फिजिक्स शिकवून उभं करण्यासाठी २००६ मध्ये न्यू जर्सी सेंटर फॉर टीचिंग अँड लर्निंग ही संस्था निघाली. गणित, विज्ञान, विशेष शिक्षण, इंग्रजी दुसरी भाषा असणाऱ्या मुलांचे वर्ग: मुख्याध्यापक कायम या चार ठिकाणी माणसं शोधत असतात. इंग्रजी किंवा समाजशास्त्राच्या एका जागेला मात्र शेकड्याने अर्ज येतात.

क्रेडिट मोजायची तर आधी तुमच्या पदवीचं इथल्या संस्थेकडून मूल्यमापन व्हायला हवं. डब्ल्यूईएस, ईसीई वगैरे. अर्ज करताना 'कोर्स-बाय-कोर्स' प्रकारच निवडा. स्वस्तातला जो प्रकार असतो त्यात फक्त 'ही पदवी अमेरिकेतल्या बॅचलरच्या तोडीची' एवढं एक वाक्य येतं. त्याचा इथे उपयोग शून्य, आणि मग दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात. तुमची बी.ई. चार वर्षांची आहे, तेव्हा पदवीच्या तोडीचा प्रश्न येणार नाही. राज्याला ३.० जीपीए (म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी) लागतो, त्यानेही घाबरू नका. आपल्याकडचे साठ टक्के म्हणजे इथले साठ टक्के नव्हेत हे या संस्थांना ठाऊक आहे. फर्स्ट क्लासचे गुण बहुधा 'ए'मध्ये धरले जातात. अमेरिकेत आल्यावर आपण अचानक हुशार झालो असं पहिल्यांदा तेव्हा वाटतं.

तीन वर्षांच्या बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए.वाल्यांनी मात्र सावध राहावं. माझ्या बाबतीत पहिल्या संस्थेने बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून एक बॅचलर असा निकाल दिला. पात्रतेला तेवढं पुरलं, मी गप्प बसले. पण इथे पगाराच्या तक्त्याला आडवे-उभे रकाने असतात. उभ्या दिशेला अनुभवाची वर्षं, आडव्या दिशेला शिक्षण: बी.ए., बी.ए. अधिक १५ क्रेडिट, बी.ए. अधिक ३०, एम.ए. असं पुढे. त्या एका वाक्यामुळे मी चार वर्षं बी.ए.च्या रकान्यात बसून होते. नंतर दुसऱ्या संस्थेकडून पुन्हा करून घेतलं, तेव्हा एम.एस्सी. वेगळी मोजली गेली आणि रकाना बदलला. मागची थकबाकी अर्थातच कुणी दिली नाही.

मग परीक्षा. विषयाची प्रॅक्सिस. गणिताची तीन तासांची, ६६ प्रश्न. कॅल्क्युलस आपल्याला जड जात नाही. आपण पडतो ते संख्याशास्त्रात आणि इथल्या पद्धतीच्या भूमितीत. बॉक्स प्लॉट, रिग्रेशन, नमुना कसा निवडला म्हणून निष्कर्ष चुकला, असे प्रश्न आपल्या वेळच्या पुस्तकांत नव्हते. शिवाय पडद्यावर ग्राफिंग कॅल्क्युलेटर दिलेला असतो आणि काही प्रश्न तो वापरायचा म्हणूनच घातलेले असतात. आपली पिढी तो हातात न धरताच इंजिनियर झाली. परीक्षेआधी महिनाभर त्याच्याशी खेळा, नंतर वर्गातही तोच आहे.

जुन्या परीक्षांच्या भीतीतून मात्र बाहेर या. वाचन-लेखन-गणिताची जी मूलभूत कौशल्यांची परीक्षा होती, ती १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली. वर्गाचे व्हिडिओ काढून पाठवायचं 'एडटीपीए' नावाचं प्रकरण २०२२ च्या डिसेंबरमधल्या कायद्याने गेलं. कुणा मैत्रिणीने २०१९ मध्ये केलं म्हणून तिची यादी व्हॉट्सॲपवर मागवून घ्याल तर या दोन्हींचे क्लास लावून बसाल. यादी राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या, आणि अर्ज करायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

याशिवाय शरीरशास्त्र आणि आरोग्याची एक छोटी अट आहे, कॉलेजात जीवशास्त्र वगैरे झालेलं नसेल तर काउंटीच्या कार्यालयात जाऊन एक साधी परीक्षा देऊन ती पुरी होते. बोटांचे ठसे द्यावे लागतात. वर्गात पाय ठेवण्याआधी ५० तासांचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम असतो, आणि नोकरी लागल्यावर त्याचाच पुढचा भाग दोन वर्षं चालतो, सगळे मिळून ४०० तास. माझ्या वेळी २०० होते. रटगर्ससारखं विद्यापीठ, काही कम्युनिटी कॉलेजं आणि इतर संस्था हे वर्ग चालवतात. खर्च काही हजार डॉलर, संस्थेगणिक वेगळा.

इथे थांबून माझं मत सांगते, कारण एवढ्यात तुम्ही वही काढून यादी करायला बसला असाल. मूल्यमापन हातात आलं की पुढचा डॉलर खर्च करण्याआधी बदली शिक्षक व्हा. इथे त्याला सब म्हणतात. आपल्या शाळेत सर रजेवर असले की ऑफ तासाला दुसरं कुणी येऊन बसायचं, तेच. त्याला सब्स्टिट्यूटचा वेगळा परवाना लागतो, ६० कॉलेज क्रेडिटवर मिळतो, ती तुमच्याकडे आहेतच. महिन्यातले आठ-दहा दिवस, तीन-चार वेगवेगळ्या शाळांत जा. रोज मिळणारे पैसे फार नाहीत. पण मराठी शाळेतली मुलं आई-बाबांनी आणून सोडलेली असतात आणि आई-बाबा बाहेर कॉफी पीत उभे असतात. सोमवारी सकाळी साडेसातला, जिथे कुणी तुम्हाला ओळखत नाही, तिथे सव्वीस नववीतली मुलं समोर आहेत, त्यातला एक टोपी काढत नाही, एक झोपलाय, एकीला बाथरूमचा पास हवाय आणि ती पाच मिनिटांपूर्वीच जाऊन आलीय: या वर्गात उभं राहून तुमच्या पोटात काय होतं ते आधी कळलं पाहिजे. गेल्या काही वर्षांत मी ज्यांची मेंटॉर होते त्यांतले दोघे मधेच सोडून गेले. दोघेही विषयात माझ्यापेक्षा हुशार. दोघांनीही आधी सबचं काम केलेलं नव्हतं. मुलगी देण्याआधी घर बघतात, तसं हे. शिवाय तुम्ही कशा आहात हे शाळेलाही बघायला मिळतं. मला नोकरी मिळाली ती जाहिरातीतून नाही. मी सब म्हणून जात होते त्या शाळेत फिजिक्सच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि विभागप्रमुख म्हणाले, तुमच्याकडे सीई आहे ना?

कारण सीई नोकरी देत नाही. ही गोष्ट महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला समजायला वेळ लागतो. इथे पवित्र पोर्टल नाही, गुणवत्ता यादी नाही, प्रॅक्सिसमध्ये किती मिळाले हे कुणी विचारत नाही, पास झालात ना एवढंच. प्रत्येक शालेय जिल्हा स्वतःची माणसं स्वतः घेतो आणि असे सहाशेच्या आसपास जिल्हे आहेत. एडिसनने नाही म्हटलं म्हणजे वुडब्रिजने म्हटलं असं नाही. कायम नसलेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे १५ मेपर्यंत कळवावं लागतं, म्हणून जागा एप्रिलच्या शेवटापासून दिसायला लागतात आणि जुलैभर दिसत राहतात. ऑगस्टमध्ये आणखी एक लाट येते: कुणीतरी जास्त पगाराच्या जिल्ह्यात जातं, त्याची जागा भरायला तिसऱ्याकडून माणूस ओढला जातो, आणि साखळीच्या शेवटी एक घाबरलेला मुख्याध्यापक सप्टेंबर तोंडावर असताना फोन फिरवत असतो. पर्यायी मार्गाने आलेल्यांना पहिली नोकरी पुष्कळदा या फोनवर मिळते. त्या वेळी सीई हातात हवं. 'अर्ज केलाय, येईल' याला त्या दिवसांत किंमत नसते.

मुलाखतीत एक नमुना पाठ द्यावा लागतो. माझा पहिला पाठ मी कधी विसरणार नाही. वीस मिनिटं होती, विषय प्रक्षेप्य गती. मी फळ्यावर डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि उजव्या कोपऱ्यात सूत्र सिद्ध करून चौकट केली, अगदी आमच्या सरांसारखी. अक्षर सुंदर, एकही चूक नाही. मुलांनी एकही शब्द उच्चारला नव्हता हे मला गाडीत बसल्यावर लक्षात आलं. नोकरी मिळाली नाही, मिळायलाही नको होती. इथे तुम्हाला किती येतं ते बघत नाहीत. त्या वीस मिनिटांत मुलांनी काय केलं ते बघतात. आल्या आल्या सोडवायचा छोटा प्रश्न, त्याला 'डू नाऊ' म्हणतात. मग थोडं तुम्ही, जास्त मुलं, दोघा-दोघांत बोलून. आणि जाताना एका चिठ्ठीवर एक उत्तर, म्हणजे 'एक्झिट तिकीट', ज्यावरून उद्या कुठून सुरुवात करायची ते कळतं. सुरुवातीला मला हे सगळं बालवाडीसारखं वाटायचं. आता त्या चिठ्ठ्या वाचल्याशिवाय मी घरी जात नाही.

उच्चारांचं म्हणाल तर उच्चारापेक्षा शब्द जास्त फसवतात. आपण 'थ्री इंटू फोर' म्हणतो तेव्हा बारा अपेक्षित असतात. इथल्या मुलाच्या कानाला 'इंटू' म्हणजे भागाकार: तीन चारमध्ये किती वेळा जातो. मी पहिले दोन आठवडे गुणाकार सांगत होते आणि अर्धा वर्ग भागत होता. 'टाइम्स' म्हणा. 'झेड'ला 'झी' म्हणा. कंसाला 'पॅरेंथेसिस'. आणि खोडरबराला चुकूनही रबर म्हणू नका. त्या शब्दाचा इथला अर्थ (कंडोम) नववीच्या वर्गाला पक्का माहीत असतो आणि तो तास तिथेच संपतो.

पहिल्या वर्षाबद्दल खोटं बोलणार नाही. दिवसा पाच तास शिकवायचं, संध्याकाळी स्वतः विद्यार्थी होऊन वर्गात बसायचं, रात्री उद्याचे लेसन प्लॅन. ज्यांनी नेहमीच्या मार्गाने केलं त्यांच्या चुका सराव पाठांत, दुसऱ्याच्या वर्गात होऊन गेलेल्या असतात. आपल्या चुका आपल्याच वर्गात होतात आणि त्यांचे गुण मुलांच्या प्रगतिपुस्तकात पडतात. मेंटॉर किमान ३० आठवडे असतो, पहिले आठ आठवडे तर दर आठवड्याला भेटायचंच असा नियम आहे. त्या मेंटॉरची फी हजार डॉलर (नेहमीच्या मार्गाने आलेल्याला ५५०), आणि बऱ्याच ठिकाणी ती तुमच्याच पगारातून हप्त्याने कापतात. काही जिल्हे स्वतः भरतात, ऑफर स्वीकारताना विचारून घ्या. विचारणं इथे उद्धटपणा धरत नाहीत.

आपल्याकडून येणाऱ्याला सगळ्यात अनोळखी असते ती आयईपी. विशेष गरज असलेल्या प्रत्येक मुलासाठी बनवलेला वैयक्तिक शिक्षण-आराखडा. १९७५ च्या केंद्रीय कायद्यातून तो आला आणि तो कायदेशीर दस्तऐवज आहे, शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेला सल्ला नव्हे. सव्वीसच्या वर्गात अशी सहा मुलं सहज असतात: कुणाला परीक्षेत दीडपट वेळ, कुणाला पुढच्या बाकावर जागा, कुणाला प्रश्न वाचून दाखवायचा. पहिल्या वर्षी मी घंटा झाल्यावर सगळ्यांचे पेपर गोळा केले, त्यात एका दीडपट वेळवाल्या मुलाचाही. मनात आपली शाळा होती: घंटा म्हणजे घंटा, सगळ्यांना सारखा न्याय. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची केस मॅनेजर माझ्या दारात उभी. ती रागावली नाही, तिने शांतपणे आराखड्याचं पान दाखवलं. त्या मुलाने पेपर पुन्हा दिला, वेळ पुरा घेतला आणि वर्गात दुसरा आला. आता सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक आयईपी वाचून होईपर्यंत मी बसायच्या जागाही ठरवत नाही. तुम्ही सबचं काम करताना ज्या वर्गात दोन शिक्षक असतील तिथे मागे उभं राहून विशेष शिक्षण देणारी बाई काय करते ते बघा. फुकटचं प्रशिक्षण आहे ते.

पैशाचं मोकळेपणाने बोलू. आयटीतल्या पगाराशी तुलना कराल तर रोज वाईट वाटेल. पगार दहा महिन्यांचा, उन्हाळा बिनपगारी. काही जिल्हे तेच पैसे बारा महिन्यांत विभागून देतात. पेन्शन आहे, पगाराच्या साडेसात टक्के त्यात जातात. चार वर्षं नीट झाली की टेन्यूर, म्हणजे मग कारणाशिवाय काढता येत नाही. २०१२ च्या कायद्याआधी ती तीन होती. मुलांच्या आणि तुमच्या सुट्ट्या जुळतात, याची किंमत तुम्हीच ठरवा.

ईएडीबद्दल. काम करायला ते पुरतं, पण त्याची मुदत आणि शाळेचं वर्ष यांची गाठ घालून बघा. फेब्रुवारीत मुदत संपून नूतनीकरण लटकलं तर वर्ग मधेच सोडावा लागतो, आणि प्रोव्हिजनलच्या वर्षात ते महागात पडतं. अर्ज लवकरात लवकर ज्या दिवशी करता येतो त्या दिवशी करा. आणि परवान्याच्या अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न येतो. नागरिक नसलेल्यांसाठी तुमच्या प्रकारात कुठली कागदपत्रं लागतील हे काउंटीच्या कार्यालयात आधीच विचारा. ऐकीव माहितीवर ती चौकट भरू नका.

उद्या नवऱ्याच्या नोकरीमुळे राज्य बदललं तर? स्टँडर्ड हाती असेल तर बरंचसं सामान सोबत जातं. नुसतं सीई किंवा प्रोव्हिजनल असेल तर जवळजवळ नव्याने मांडामांड. टेक्सासमध्ये या मार्गाचं मोठं पीक आहे, खासगी कंपन्याही ते अभ्यासक्रम चालवतात आणि त्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. न्यूयॉर्कमध्ये 'ट्रान्झिशनल बी' नावाच्या तात्पुरत्या परवान्यावर शिकवता शिकवता मास्टर्स करावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये पदवी आणि परीक्षांवर सुरुवातीचा परवाना मिळतो. म्हणून राज्य बदलण्याची शक्यता दिसत असेल तर स्टँडर्ड होईपर्यंत तरी इथे राहता येईल का, हे घरी बोलून घ्या.

मराठी शाळेचा अनुभव राज्याच्या हिशेबात धरला जात नाही. मुलाखतीत मात्र तो सांगा, आणि 'मी मुलांना संस्कृती शिकवते' असं मोघम नको. सहा ते अकरा वयाची मुलं एकाच वर्गात असताना तुम्ही तास कसा बसवता ते सांगा. एकाच खोलीत वेगवेगळ्या पातळीच्या मुलांना शिकवणं हा इथल्या प्रत्येक मुख्याध्यापकाचा रोजचा प्रश्न आहे. तुम्ही तो दर रविवारी सोडवता.

तर या आठवड्यात दोनच कामं करा. बी.ई.च्या गुणपत्रिका समोर घेऊन गणिताची क्रेडिट खरोखर मोजा, आठवणीतून नको. आणि विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या गुणपत्रिकेचा, अर्ज टाका. मूल्यमापन संस्थेला ती विद्यापीठाकडूनच परस्पर जावी लागते, तुमच्या कपाटातली झेरॉक्स चालत नाही. पुण्यात भाऊ, दीर, कुणी असेल तर त्याला खेटे घालायला सांगा. माझ्या वेळी तीन महिने गेले होते. आणि सीलबंद प्रती मागवताना दोन जास्तीच्या मागवा. त्या कुठे लागतील ते आज सांगता येणार नाही, पण लागतात.